मोज्यातले आठशे पाय

तुमच्या तळहातावर मावेन एवढीच मी आहे आणि माझ्या पोटात आठशे बारा पाय आहेत. घाबरू नका, मित्रांनो! मी राक्षसीण नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यातली.

माझा जन्म एका लखलखीत पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा परवानगी काढून आत येई. नेमणूक मात्र झाली इथे, जिथे प्लास्टरची धूळ थेट चहात पडते.

पण इथलं काम पाहिलं आणि मी थक्क झाले. पाय गेल्यावर उरलेला भाग ज्या वाटीत बसतो, ती वाटी केसभरही चुकून चालत नाही. सैल झाली तर माणूस पडतो, घट्ट झाली तर कातडी सोलते. म्हणून माप घ्यायचं, पाय घालून बघायचा, बदल करायचे, पुन्हा घालून बघायचा. असं आठ-आठ, दहा-दहा वेळा. शेवटी जुळलेले आकडे संगणकात जातात आणि त्यांवरून यंत्र वाटी कोरतं. ते सगळे आकडे माझ्यातही असायचे. जिने आयुष्यात एक पाऊल टाकलं नाही, तिने आठशे माणसांचं चालणं सांभाळायचं! या विचाराने अजूनही माझी तबकडी क्षणभर अडखळते.

कारखान्याचे मालक चोपन्न वर्षांचे. त्यांची मोठी बहीण त्यांना अजून 'बाळ्या' म्हणते. तिला सगळेच ताई म्हणतात. दर शनिवारी पाच वाजता ताई मला संगणकाला जोडायची, मापं माझ्यात उतरवायची आणि वायर काढून टाकायची. एवढ्यावर थांबेल तर ती ताई कसली! डोळे मिटून ती कपाटातला एक प्लास्टरचा साचा उचलायची, त्याच माणसाचं पहिलं माप माझ्यातून जुन्या लॅपटॉपवर उघडायची आणि टेपने ताडून बघायची. जुळलं की मला लोकरी मोज्यात घालून घरी न्यायची. मोज्यांना आमच्याकडे तोटा नव्हता. येणारी बहुतेक माणसं जोडीतला एकच वापरत.

"ताई, निजवलंस का तिला?" मालक चिडवायचे. "ही दुसरी डिस्क बघ. चोवीस तास जोडलेली. आपलं आपण उतरवून घेते. ना वायर काढणं, ना मोजा."

"जोडलेली आहे म्हणूनच भरवसा नाही. घराची दुसरी किल्ली कुणी दारालाच लटकवून ठेवतं का?"

ती दुसरी डिस्क निळा दिवा लुकलुकवत ऐटीत बसायची. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

मग तो बुधवार आला. मी ताईच्या कपाटात स्वेटरखाली होते, त्यामुळे घडलेलं मला नंतर कळलं. मालक रबरी पंजांच्या पार्सलची वाट बघत होते. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता तपासा,' असा ईमेल आला. त्यांनी त्यातली लिंक उघडून मन लावून तपासला. तासाभरात पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मित्रांनो, या चोराला रॅन्समवेअर म्हणतात. तो काहीच उचलून नेत नाही. तुमच्याच कपाटाला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. संगणकातली सगळी मापं कुलपात गेली. जोडलेली होती म्हणून निळ्या दिव्याची डिस्कही गेली.

ताई मला घेऊन धावत आली, तेव्हा बाकावर नव्या पायाची वाट बघणारी टपालवाली बसली होती. सहा महिने, नऊ वेळा घालून बघणं, आणि मागच्या शुक्रवारी तिचं माप जुळलं होतं. सोमवारी रुजू झाली नाही, तर तिचा टपाल वाटायचा रस्ता दुसऱ्याला मिळणार होता. साचा होता, पण पहिल्या मापाचा. नंतरचे बदल फक्त आकड्यांत होते.

"म्हणजे माझा पाय चोरानं नेला?" ती म्हणाली. "एक अपघातानं नेला, तेवढा पुरे होता की!"

मालकांनी मला मोज्यातून ओढलं आणि थेट संगणकाकडे नेलं.

"हात मागे घे, बाळ्या!" ताई कडाडली.

"अगं, पण मापं..."

"चोर अजून घरातच आहे. ही पण त्याच्या हातात देतोस?"

चोपन्न वर्षांच्या मालकांचे कान लाल झाले. मी पुन्हा मोज्यात गेले. संगणकवाल्या बाई आल्या. त्यांनी दोन दिवस खपून सगळं पुसून नव्याने उभं केलं. शुक्रवारी दुपारी मला जोडलं.

मी सात वर्षांची. तबकडी फिरताना घरघरली. आणि रिकाम्या पडद्यावर एकेक रेघ उमटू लागली, रेघांची वळणं झाली, वळणांची वाटी झाली. साचे करणाऱ्या प्लास्टरवाल्या काकांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली. टपालवाली उठून उभी राहिली. तिला कुबडी लागते, हे ती विसरली होती. काकांनी तिला वेळेवर धरलं.

सोमवार-मंगळवारची तीन मापं मात्र गेली, ती पुन्हा घ्यावी लागली. शनिवारी जे माझ्यात आलं, तेवढंच मी देऊ शकते.

सोमवारी अकरा वाजता दारात टपालवाली उभी. हातात रबरी पंजांचं पार्सल.

मालक दोन पावलं मागे सरले. "हे... खरं आहे ना?"

"पार्सलचं ठाऊक नाही. पाय तुमचाच आहे, तपासून घ्या. आणि इथं सही करा."

आता मी निवृत्त आहे. माझ्या जागी दोन नव्या डिस्क आलटून पालटून काम करतात. एक ताईच्या घरी, एक काकांच्या. मित्रांनो, जे पुन्हा घडवायला सहा महिने लागतील, त्याची एक प्रत दूर, वायर काढून ठेवा. आणि ती उघडते ना, हे अधूनमधून बघा. न तपासलेली डिस्क म्हणजे निव्वळ जड मोजा!

शनिवारी पाच वाजता आता मालक स्वतः वायर काढतात. त्याच वेळी बाहेर फरशीवर टपालवालीची दोन पावलं वाजत येतात, अगदी सारखी. त्यांतलं एक माझ्या पोटात होतं.