माझ्यात पुसलं गेलेलं पत्र

मित्रांनो, माझी दोन बटणं एकदम दाबली की मी समोरचा आवाज साठवून ठेवतो. असा मी एक जुना टेपरेकॉर्डर. सध्या अमेरिकेतल्या एडिसन गावी एका घराच्या तळघरात, ‘टाकायचं’ असं लिहिलेल्या खोक्यात पडलो आहे. वर्ष १९८९.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एका ओळीत दोन हेड बसवली. पहिलं पुसतं, दुसरं लिहितं. कॅसेटची फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते. नवा आवाज येण्यापूर्वी जुना गेलेला असतो. मला बनवणाऱ्यांनी हे सोयीसाठी केलं होतं.

तिथून मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात आलो. पहिली काही वर्षं रशियनच्या वर्गात गेली. तीच वाक्यं विद्यार्थ्यांना इतक्या वेळा ऐकवली की मलाही रशियन कळू लागलं. ‘या मशीनचा आवाज सगळ्यात स्वच्छ,’ असं सगळे म्हणत. मला ते आवडायचं. १९८२ मध्ये मी श्रीरंगच्या ताब्यात गेलो.

श्रीरंग पुण्यात रशियन शिकून इथे पीएच.डी. करायला आला होता. त्याचा विषय होता अबखाझ आणि रशियन या भाषांची तुलना. अबखाझ ही सोव्हिएत संघातल्या, काळ्या समुद्राकाठच्या एका छोट्या प्रदेशाची भाषा. रशियनमध्ये पाच स्वर आणि पस्तीसेक व्यंजनं. अबखाझमध्ये, श्रीरंगच्या मोजणीनं, स्वर फक्त दोन आणि व्यंजनं अठ्ठावन्न. रशियनमध्ये मुलगा म्हणजे ‘सिन’ आणि मुलगी ‘दोच’. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अबखाझमध्ये मुलगा म्हणजे ‘अपा’. त्याच शब्दात घशाच्या तळातून एक ‘ह’ काढला की झाली मुलगी.

हे आवाज काढून दाखवायला जवळच्या पॅटरसन गावाहून अमरा नावाची म्हातारी बसनं यायची. दोन्ही भाषा बोलणारी ती एकटीच श्रीरंगला सापडली होती. १९४१ मध्ये ती लष्करी इस्पितळात नर्स म्हणून घर सोडून गेली. जर्मनांच्या हाती लागली. युद्धानंतर परत जाणाऱ्यांकडे तिकडे संशयानं बघत, म्हणून ती गेलीच नाही. मागे तिची अडीच वर्षांची मुलगी राहिली. ती रशियन अनाथाश्रमात वाढली.

श्रीरंगशी अमरा रशियनमध्ये बोले आणि त्याला ‘नान’ म्हणे. त्यांच्यात वडीलधाऱ्या बायका लहानांना अशी हाक मारतात. श्रीरंगच्या यादीत चारशे शब्द होते. प्रत्येक शब्द तीनदा अबखाझमध्ये, तीनदा रशियनमध्ये. पण ‘मुलगी’मधला तो ‘ह’ त्याला नीट मिळेना.

“परत म्हणा.”

अमरा म्हणाली.

“तुमची कवळी सैल आहे, खडखड येतेय. बोटानं दाबून धरा. परत.”

त्या दिवशी तिनं ‘मुलगी’ हा शब्द एक्केचाळीस वेळा म्हटला. मी मोजलं. शेवटी शेवटी तिचा घसा इतका बसला की तो ‘ह’ आपोआपच खोल गेला. श्रीरंग खूश झाला.

मध्येच ती एखादं वाक्य बोलून जाई. त्यात रशियन शब्द आला की श्रीरंग मला थांबवायचा. “भेसळ नको. शुद्ध अबखाझ बोला.” त्याच दुपारी त्यानं बायकोला, नंदाला, फोन केला. “अगं, माझं डिनर कॅन्सल कर. टेप फिनिश करून ड्राइव्ह करत येतो. ही बाई सारखं रशियन मिक्स करते यार, माझा डेटा स्पॉइल होतो.” हे सगळं तो मराठीत बोलला.

१९८३ च्या सप्टेंबरात यादी संपली. अमरानं एकच गोष्ट मागितली. तिला कुणाकडून तरी मुलीचा पत्ता मिळाला होता. तिला मुलीशी बोलायचं होतं, माझ्यात. श्रीरंगचे प्रोफेसर ऑक्टोबरात मॉस्कोला परिषदेला जाणार होते. ते कॅसेट नेतील, असा शब्द श्रीरंगनं दिला. मला चालू करून तो कॉफी प्यायला निघून गेला.

अमरा अठ्ठावीस मिनिटं बोलली. एक वाक्य अबखाझमध्ये, मग तेच रशियनमध्ये. रशियन मला समजत होतं. “मी गेले तेव्हा तुझा डावा बूट सारखा निघायचा. नंतर कुणी नीट बांधला का गं?” मग बूट, मग घरामागचं अक्रोडाचं झाड, मग क्षमा. सगळं दोनदा. शेवटी ती फक्त रशियनमध्ये म्हणाली, “तुला आपली भाषा आता येत नसेल. राहू दे. आवाज तरी ऐकशील.”

श्रीरंगनं कॅसेटवर लिहिलं, ‘अमरा, मुलीस’. मग घरी ऐकायला म्हणून त्यानं आम्हां दोघांना गाडीत टाकलं. रस्त्यात पाच मिनिटं ऐकलं आणि बंद केलं. “खिचडी,” तो स्वतःशीच म्हणाला.

शनिवारी दुपारी त्याचा मित्र उल्हास पुण्याला निघाला होता. पुण्याला श्रीरंगची आई होती. तेव्हा फोन महाग, म्हणून ही मंडळी कॅसेटवर बोलून ती जाणाऱ्याच्या हाती पाठवत. घरात कोरी कॅसेट नव्हती.

“एक आहे,” श्रीरंग म्हणाला.

नंदानं लेबल वाचलं. “अहो, ही त्या बाईंची आहे ना?”

“निम्मं रशियन आहे त्यात. माझ्या कामाचं काही नाही.”

“तुमच्या नसेल, पण त्यांच्या?”

“नंदा, उल्हास चारला निघतोय. बाईंचं परत रेकॉर्ड करता येईल.”

त्यानं माझी दोन्ही बटणं दाबली. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. त्यांची सात वर्षांची सीमा माझ्यासमोर आली. “हाय आजी, आय ॲम फाइन. हाऊ आर यू?”

“मराठीत बोल गं. आजीला कसं कळणार?” नंदा म्हणाली.

“आय डोन्ट नो हाऊ!”

श्रीरंग हसला. “राहू दे. आईला आवाज तरी ऐकू येईल.”

तेवढ्यात बूट पुसला गेला होता. बोलणं अकरा मिनिटांत संपलं. उरलेल्या टेपवर परक्या बाईचं बोलणं आईला कशाला, म्हणून श्रीरंगनं माइक काढला आणि मला शेवटपर्यंत तसंच चालू ठेवलं. अक्रोडाचं झाड गेलं. क्षमा गेली. दोन्ही भाषांतून.

मी पुन्हा विद्यापीठात गेलो, पण परत रेकॉर्ड करणं राहून गेलं. नोव्हेंबरात अमरानं येऊन विचारलं, “पोचली का रे, नान?”

“हो. प्रोफेसर घेऊन गेले.”

ती दर महिन्याला येऊन उत्तराची चौकशी करायची. “तिकडचं टपाल फार हळू,” श्रीरंग सांगायचा.

पुढच्या मेमध्ये परीक्षकांनी त्याचा प्रबंध परत पाठवला. ते म्हणाले, सुटे शब्द पुष्कळ आहेत. पण एकाच माणसानं दोन्ही भाषांत बोललेली तीच वाक्यं कुठे आहेत? त्यांच्यावाचून तुलना कसली? श्रीरंगनं माझ्याजवळच्या सगळ्या कॅसेट धुंडाळल्या. मग त्यानं अमराला बोलावलं.

“ते मुलीचं पत्र पुन्हा एकदा बोलाल? तसंच, दोन्ही भाषांत?”

“कॅसेट प्रोफेसरांनी दिली ना तिला? आणि तुझ्याकडे एक प्रत असेल.”

श्रीरंग नजर चुकवून कोऱ्या कॅसेटचं वेष्टन सोलू लागला. अमरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पर्स मांडीवर घेतली. “लाव तुझं यंत्र.”

त्यानं नवी कॅसेट घातली. अमरा माझ्यासमोर ताठ बसली आणि काहीही बोलली नाही. “प्लीज,” श्रीरंग दोनदा म्हणाला. तीस मिनिटांनी माझं बटण खटकन वर आलं. ती उठली. जाताना त्याला ‘नान’ म्हणाली नाही. परत कधी आली नाही. श्रीरंगनं ती कॅसेट माझ्यासकट घरी नेली. तिच्यावर आता सीमाच्या नाचाची गाणी आहेत.

मित्रांनो, कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की माझं लिहायचं बटण दाबलं जात नाही आणि पुसणारं हेड काही करू शकत नाही. पेनच्या टोकानं दोन सेकंदांचं काम आहे. कुणी आपला आवाज विश्वासानं तुमच्याजवळ ठेवला, तर दुसरं काही करण्याआधी त्या पट्ट्या मोडा. श्रीरंगला हे ठाऊक होतं. चारशे शब्दांच्या सगळ्या कॅसेटच्या पट्ट्या त्यानं स्वतः मोडल्या होत्या.