माझा आवाज गेला तो शुक्रवार

मी एक जुना लॅपटॉप. 'बोलतोय' असं म्हणायची मात्र सोय उरलेली नाही, कारण माझा आवाज बंद आहे. तेव्हा माझी हकीकत तुम्ही वाचूनच घ्या.

जन्म कारखान्यातला, तिथलं फारसं आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते ऑफिसात, एका सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या टेबलावर. त्याची आई त्याला बाळ्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. इतकी वर्षं राबून तेवढा हक्क मिळवलाय मी. बाळ्या माझ्यावर प्रोग्राम लिहायचा आणि उरलेला दिवस मीटिंगमध्ये 'हो, बघतो, करतो' म्हणण्यात घालवायचा. त्याचा चहा माझ्याशेजारी गार व्हायचा. एकदा तर तो माझ्यावरच सांडला आणि तेव्हापासून माझं एक बटण अडखळतं. कोणतं ते सांगत नाही, उगाच शोधत बसाल.

पुढे मी म्हातारा झालो. सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचो की ऑफिसातली मंडळी मला 'डबा' म्हणायला लागली. नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना भंगारात काढलं. बाळ्यानं मला मागून घेतलं, घरी आणलं, आतलं सगळं पुसलं आणि माझ्यावर लिनक्स टाकलं. ही सिस्टम हलकी, फुकट मिळणारी, आणि मुख्य म्हणजे आतून हवी तशी उलटीपालटी करता येणारी. माझ्या अंगात पुन्हा हुशारी आली, आणि बाळ्याला खेळणं मिळालं. आज पडद्याचा रंग बदल, उद्या अक्षरं बदल, परवा अख्खी सिस्टमच पुसून दुसरी टाक! धड चाललेली वस्तू त्याला बघवतच नाही.

ऑफिसात हाच गृहस्थ शिस्तीचा पक्का. "शुक्रवारी चालू सिस्टमला हात लावायचा नाही," असं नव्यांना बजावून सांगायचा. बिघडलं तर सुट्टीच्या दिवशी निस्तरत कोण बसणार, म्हणून. घरी मात्र हा नियम गुंडाळून ठेवलेला.

मग आईचा आवाज गेला. ती नर्स होती, मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेली. घशाचं दुखणं निघालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. जिच्या एका हाकेनं वॉर्ड चिडीचूप व्हायचा, ती बाई आता टाळ्या वाजवून मुलाला बोलवायला लागली. बाळ्यानं मला जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवलं. तिनं टाइप करायचं आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशी व्यवस्था केली. ती दोन बोटांनीच टाइप करायची, पण काय तो वेग! मला दम लागायचा. माझा आवाज ठोकळ्यासारखा होता, कबूल. पण घरात तो आईचा आवाज होता, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

दर रविवारी तिच्या थोरल्या भावाचा फोन यायचा. वडील लवकर गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं, नर्स केलं. माझा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मामा म्हणाले, "चिमे, हा कोण गं डब्यातून बोलतोय?" आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मला रागच आला. ऑफिस सुटलं, पण 'डबा' काही सुटला नाही.

आणि बाळ्या? सोय झाली म्हटल्यावर तो निर्धास्त झाला. मी आईच्या वतीनं ओरडायचो, "बाळ्या, जेवायला ये." तो खोलीतूनच म्हणायचा, "आलो गं!" आणि यायचा नाही. टाळ्या वाजवत होती तेव्हा निदान दारापर्यंत यायचा.

मग मामांच्या हृदयानं दगा दिला. ते राहायचे लांबच्या शहरात, आणि आईला प्रवासाची बंदी. ऑपरेशन शुक्रवारी दुपारी ठरलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आम्ही प्रयत्न करू." अशा कितीतरी खाटांशेजारी आई उभी राहिलेली, त्या वाक्याचा अर्थ तिला कुणी समजावायची गरज नव्हती. दादाशी एकदा बोलायचं, एवढंच तिला हवं होतं. आत नेण्याआधी फोन त्यांच्या कानाशी धरीन, असं तिथल्या नर्सनं कबूल केलं.

शुक्रवारी सकाळी बाळ्या माझ्यापुढे बसला. मामांना आवाज जरा स्वच्छ ऐकू जावा म्हणून त्यानं मला अपडेट केलं. हेतू चांगला होता हो त्याचा! पण माझ्यात जागा कमी पडत होती, म्हणून ज्या जुन्या सिस्टमवर परत जाता आलं असतं तीही त्यानं झाडून टाकली. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो. पडदा ठीक, बटणं ठीक. आवाज गेलेला.

तेवढ्यात फोन वाजला.

"चिमे, आहेस ना?" मामांचा आवाज अगदी खोल गेला होता. आईनं भराभर टाइप केलं. मी गप्प. बाळ्या माझ्यावर कमांडमागून कमांड मारायला लागला. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नव्हती, तरी तोही उघडून बसला.

"चिमे? बोल ना गं. हे आता न्यायला आलेत."

मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. नाही फुटला आवाज.

आईनं बाळ्याचं मनगट घट्ट धरलं, माझ्यावरून बाजूला केलं आणि टाइप केलं, 'अरे, तुला तोंड आहे ना? तू वाच.'

बाळ्या फोनजवळ वाकून म्हणाला, "मामा, आई म्हणतेय की..." आईनं टेबलावर थाप मारली आणि पडद्यावर बोट ठेवलं. लिहिलंय तसं. बाळ्या वाचायला लागला.

"दादा, मी चिमी. घाबरू नकोस. भूल देताना थंड वाटेल, ते तेवढंच. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तू मला सायकलवरून सोडलंस आणि मी आत जाईपर्यंत फाटकाशी उभा राहिलास. मी वळून पाहिलं होतं. आज मी फाटकाशी उभी आहे. तू जा."

शेवटचे दोन शब्द त्याला नीट वाचता आले नाहीत. पलीकडून मामा म्हणाले, "आज आवाज बरा येतोय गं, चिमे. डबा दुरुस्त केलास वाटतं."

"हो, दादा," बाळ्या म्हणाला. हे आईनं टाइप केलेलं नव्हतं.

मामा त्या ऑपरेशनमधून परत आले नाहीत.

पुढे बाळ्यानं खटपट करून माझा आवाज परत आणला. मी आनंदानं तोंड उघडलं, तर आईनं हात पुढे करून आवाज बंद करायचं बटण दाबलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. मग त्यानं एक नवाकोरा लॅपटॉप आणला, माणसासारखा गोड बोलणारा. आईनं तो ऐकला आणि माझ्यावर टाइप केलं, 'छान आहे. ऑफिसात ने.' आणि बाळ्यानं ते मोठ्यानं वाचेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

आता माझी बिजागरी मोडली आहे, बॅटरी काढून टाकली आहे, वायर निघाली की मी जागीच बंद पडतो. पण रोज संध्याकाळी बाळ्या मीटिंग संपवून टेबलाशी येतो, आईला खेटून बसतो आणि ती लिहील ते वाचत राहतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हल्ली आईची बोटं माझ्यावर फार सावकाश चालतात. बाळ्याला वाटतं, ती थकली. पण त्याच बोटांनी ती दुपारी, तो ऑफिसात असताना, भाचरांना पत्रं लिहिते, तेव्हा मला अजून दम लागतो. त्याला हे सांगू नका.