डायरेक्ट केलेल्या पंपातला सेल

मी एक जुना सेल आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढा जाड, बोटभर उंच. नळदुर्गजवळच्या एका शेतात, पाठीवर घ्यायच्या फवारणीच्या पंपाच्या बॅटरीत माझी हयात गेली आणि खरं सांगायचं तर शिव्या खाण्यातच गेली.

कारखान्यात माझ्या डोक्यात एक पातळ चकती बसवली. आत वायू साठून दाब वाढला की ती उचलली जाते आणि वीज तुटते. एकदा उचलली की ती परत बसत नाही. म्हणजे मी संपलो. ती वेळ येऊ नये म्हणून आम्हा भावंडांना एका रांगेत जोडून वर एक सर्किट दिलं होतं. आम्ही फार तापलो, फार भरलो, की ते आधीच पुरवठा तोडायचं आणि गार झाल्यावर पुन्हा जोडायचं. किती शहाणी सोय! पण आमच्या मालकाला, राजशेखरला, ती मुळीच पटली नाही. तो आम्हाला भर उन्हात पत्र्यावर चार्जिंगला लावायचा, सर्किटनं तोडलं की पंपाला लाथ मारायचा. "मालच बोगस हाय!" अरे, उन्हात ठेवलं कोणी?

तुरीवर अळी पडली आणि त्याचा धीर सुटला. तो दुरुस्तीवाल्या धुळाप्पाकडं गेला.

"हे सर्किट सारखं कट मारतंय. डायरेक्ट करून दे."

"मालक, ते राखणीला हाय. म्या न्हाय काढायचा."

मग घरी येऊन राजशेखरनं स्वतःच पकड घेतली, सर्किट उपटलं आणि तारा थेट जोडल्या. वर चार्जर लावला तो भलत्याच मोठ्या बॅटरीचा!

दुपारभर माझ्यात वीज कोंबली जात होती. वायू साठत होता, भावंडं भाजत होती. ओरडायला तोंड कुठं आहे आम्हाला? तेवढ्यात त्याची बायको रुद्रम्मा आली. तिनं वायर काढली, औषध भरलं आणि पंप पाठीवर घेतला. पाठीवर! आतला ताप अजून चढतच होता. तिनं बटण दाबलं, मोटर जेमतेम घरघरली आणि माझी चकती टक्कन उचलली गेली. रांग तुटली. पंप बंद.

"मेला परत!" बांधावरून राजशेखर ओरडला.

रुद्रम्मानं वैतागून पंप उतरवला. तिचा हात बॅटरीच्या डब्याला लागला आणि चटका बसून मागं आला. झाकण काढलं, तर आतलं प्लास्टिक वितळलेलं.

"अहो, हिकडं या. हात लावा इथं."

"कशाला?"

"लावा म्हणते न्हवं!"

त्यानं हात लावला. त्याचं तोंड उतरलं.

"हे माझ्या पाठीवर व्हतं," ती म्हणाली. "बंद पडलं म्हणून वाचले. ऱ्हायलेली तूर आता तुमी हातानं दांडा मारायच्या जुन्या पंपानं फवारा."

त्यानं निमूट फवारली. तरी संध्याकाळी खांदा चोळत म्हणतोच, "सेल जरा टिकाऊ पायजे व्हता." काय बोलावं या माणसाला!

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र आपणहून थांबलं, तर त्याला गार होऊ द्या, जाणत्याला दाखवा. त्याची राखण मात्र उपटू नका. माझ्याकडं एकच चकती होती. ती मी रुद्रम्मासाठी खर्च केली.