न झालेला अपघात

मित्रांनो, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांच्या दालनाला लागून एक लांबट खोली आहे. तिथे खिडकीजवळ बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझा पंखा घरघरतो, कळफलकावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून नेली आहेत, आणि मला सुरू व्हायला इतका वेळ लागतो की मुले तोवर चहा पिऊन येतात.

एका कारखान्यात माझे सुटे भाग जुळवले गेले. पहिल्यांदा उजळलो तेव्हा जुळवणी करणाऱ्या बाईने माझ्या काचेवर उमटलेला स्वतःच्या बोटाचा ठसा पुसला आणि ती शेजारणीला म्हणाली, "चांगल्या घरी जाईल हा." मी ग्रंथालयात आलो. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. माझ्यासमोर बसायला मुले रांग लावत आणि उठताना खुर्ची सरळ करून जात.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझ्या डोक्यावर दप्तरे ठेवली जाऊ लागली. मला टाकले नाही ते फक्त ग्रंथपाल मॅडमनी. माहिती कशी शोधावी आणि कशी पारखावी, याचा तास त्या याच खोलीत घेत.

"शोधायला काय शिकायचंय, मॅडम? नाव टाकलं की येतंच की समोर," मुले हसून म्हणत.

"समोर येतं ते कुणी आणून ठेवलं, हे शिकायचंय," मॅडम म्हणत. मुले जांभया देत.

त्यांतच बिजली होती. हे तिचे टोपणनाव. बोलणे, चालणे, टाइप करणे, सगळेच झपाट्याने. तिचा मोठा भाऊ विद्यापीठाच्या फुटबॉल संघात गोलरक्षक होता. वडील नव्हते. आईने शिवणकाम करून दोघांना वाढवले होते. तासाला बिजली माझ्याजवळ बसायची, पहिले दिसेल ते उतरवून घ्यायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची.

त्या दुपारी तास नव्हता. बिजली धावत आली आणि धपकन माझ्यासमोर बसली. तिचा फोन सारखा वाजत होता. एकच बातमी सगळ्यांनी पाठवली होती. फोनवर चित्र लहान दिसत होते, म्हणून तिने ते पान माझ्यावर उघडले. विद्यापीठाची बस दरीत कोसळली, खेळाडू ठार झाल्याची भीती. खाली छायाचित्र होते. खडकावर उलटलेली बस, फुटलेल्या काचा, एक बूट.

मी नुसते यंत्र आहे, तरी तो बूट पडद्यावर उमटला तेव्हा मी आतून हादरलो. संघ सकाळीच सामन्यासाठी निघाला होता. बिजलीने भावाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग तिने घरी फोन लावला.

"आई," ती म्हणाली, "दादाची बस दरीत पडली गं."

 पलीकडून फोन खाली पडल्याचा खडखडाट तेवढा आला.

मॅडम आत आल्या तेव्हा बिजली पुन्हा भावाचा नंबर लावत होती. मॅडमनी पडद्याकडे पाहिले, मग शेजारी खुर्ची ओढली.

"ही बातमी कुणाची आहे?"

"सगळ्यांनी पाठवलीय, मॅडम."

"पाठवली सगळ्यांनी. लिहिली कुणी?"

पानावर लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, तारीखही नव्हती. मॅडमनी तेच छायाचित्र शोधायला टाकले. हेच चित्र आणखी कुठे आहे का, ते मी धापा टाकत हुडकू लागलो. एवढ्या घाईत मी आयुष्यात कधी काम केले नव्हते. मग तीच बस, तोच खडक, तोच बूट एका परदेशी वृत्तपत्राच्या पानावर सापडला. अपघात कित्येक वर्षांपूर्वीचा. मॅडमनी चित्र मोठे केले. बसच्या कपाळावरची पाटी निराळ्याच लिपीत होती.

बिजली पाटीकडे बघतच राहिली. "ही मघापासून इथंच होती?"

"होती. पण अजून थांब. चित्र खोटं निघालं, म्हणून मुलं सुखरूप आहेत असं होत नाही. आता ज्याला खरं माहीत असेल त्यालाच विचारायचं."

मॅडमनी क्रीडा विभागात फोन केला. तिथल्या कारकुनाकडे बसच्या चालकाचा नंबर होता, त्याने लगेच तो लावला. थोड्या वेळाने बिजलीच्या फोनवर भावाचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा.

"काय गं? जेवायला थांबलोय. घाटात रेंज नव्हती. रडतेस कशाला?"

बिजली हसली, रडली आणि त्याच दमात आईला फोन लावला. फोन शेजारच्या काकूंनी उचलला.

"तुझी आई जिन्यावरून पडली बाळा. चप्पल न घालताच पळत सुटली होती. उठता येत नाहीये तिला. रुग्णवाहिका बोलावलीय."

बिजलीच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले जायलाही वेळ लागला.  बस सुखरूप उभी होती, सगळा संघ जेवत होता, आणि जी घटना घडलीच नाही तिने एका बाईचे हाड मोडले होते.

बिजली बऱ्याच दिवसांनी परतली. आली ती थेट मॅडमकडे. "पुढचा तास मी घेऊ?"

तिने माझ्यावर तेच छायाचित्र उघडले. नवी मुले पुढे वाकली. एकीने लगेच फोन काढून पडद्याचा फोटो घेतला आणि पाठवायला बोट उचलले.

"थांब," बिजली म्हणाली. मग तिने सगळे सांगितले. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आई शुद्धीवर आली तेव्हा दादा उशाशी बसला होता, अंगात खेळाचाच सदरा. आईने त्याचा चेहरा चाचपला. अपघात झालाच नव्हता, हे धावपळीत तिला सांगायचे राहूनच गेले होते. तिने पहिला प्रश्न विचारला, "बाकीची पोरं वाचली का रे? त्यांच्या आयांना कळवलं का?"

 फोटो घेतलेल्या मुलीने फोन हळूच टेबलावर उपडा ठेवला.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. माझ्या जागी नवा, चपळ कुणी येईल. पण त्याच्याही काचेवर खरे आणि खोटे एकाच उजेडात, एकाच ठसठशीत अक्षरात दिसेल. ते वेगळे करणारा भाग कोणत्याही कारखान्यात आमच्यात बसवत नाहीत. तो तुम्हीच आणायचा असतो. आणि आईला फोन लावायच्या आधी आणायचा असतो.