चौथी ओळ

“तीन ओळी पोचल्या. चौथी कुठे आहे, बाई?” डॉक्टरांनी फोनवरून विचारले.

बाईंनी संगणकाकडे पाहिले. तीन ओळी शहाण्या मुलांसारख्या एकीखाली एक उभ्या होत्या. चौथीच्या जागी नुसती एक रेघ लुकलुकत होती.

“लाइट गेली होती,” बाई म्हणाल्या.

“इथे लाइट असते, पण उजेड पडत नाही,” डॉक्टर राजधानीतून म्हणाले. “अर्ध्या तासानं करतो परत.”

लाइट गेली नव्हती. बाईंना खोटे बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी फोन ठेवल्यावर उठून दिव्याचे बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केले. तेवढेच समाधान.

डॉक्टर खासदार होते. पण गावाने त्यांना डॉक्टर म्हणणे सोडले नव्हते. संसदेत जाण्यापूर्वी ते दात काढत. गावात दातांचे दोन दवाखाने होते, समोरासमोर. दुसऱ्या दवाखान्यात “काही म्हणजे काही दुखणार नाही” असे सांगत आणि मग रस्त्यापर्यंत आवाज ऐकू येई. डॉक्टर पक्कड दाखवून म्हणत, “दुखेल.” मग दाढ हलवता हलवता सांगत जात, “आता मुंगी. आता विंचू. आता मोठा विंचू. झालं.” या सगळ्या वेळात खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या राहून रोग्याचा हात धरून ठेवायचे काम बाईंचे. त्यांच्या पदाला नाव नव्हते. मोठमोठ्या पैलवानांनी त्यांची बोटे चेपली होती आणि नंतर रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवली नव्हती.

ज्याने आपल्या तोंडात हात घातला आणि तरी थाप मारली नाही, अशा माणसाला निवडून द्यायला हरकत नाही, असे गावाला एका निवडणुकीत वाटले. पुढच्या वेळीही वाटले. दवाखान्याचे कार्यालय झाले, खुर्चीवर चादर पडली आणि हात धरणाऱ्या बाई टंकलेखन शिकल्या.

संसदेत डॉक्टरांनी फारसा प्रकाश पाडला नाही. खासदारांची प्रगतिपुस्तके छापणाऱ्या एका संस्थेने त्यांच्या नावापुढे ‘हजेरी उत्तम, भाषणे नगण्य, सुधारणेस वाव’ असा शेरा मारला होता. ते शेजारी बसतात म्हटल्यावर आसपासचे सदस्य जांभई देताना तोंडावर हात धरू लागले, हा त्यांचा सभागृहावर पडलेला एकमेव दृश्य प्रभाव. मात्र मतदानाची घंटा झाली आणि डॉक्टर जागेवर नाहीत, असे कधी घडले नाही. प्रत्येक विधेयक ते शेवटच्या पानापासून उलटे वाचत. “किडलेली दाढ मागेच असते,” असे त्यांचे म्हणणे. मागे कीड सापडली म्हणून त्यांनी काही वेळा स्वतःच्या पक्षाच्या विरोधात बटण दाबले, तेव्हा पक्षाने त्यांची जागा खांबाच्या आड हलवली. खांबाआडूनही बटण तेवढेच दाबले जाते, असे त्यांनी पक्षाला आभारपूर्वक कळवले.

आणि दर मतदानानंतर चार ओळींचा संदेश. मतदारसंघातल्या सगळ्यांच्या फोनवर जायचा आणि दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिला जायचा. पहिली ओळ, विषय काय होता. दुसरी, मत कोणत्या बाजूला दिले. तिसरी, का दिले. इथवर सगळेच खासदार येतात. किंबहुना तिसऱ्या ओळीत कित्येक जण मुक्कामच करतात. डॉक्टरांची चौथी ओळ असायची: माझ्या या मतामुळे दुखणार कोणाला. पुढच्या वेळी गावी आले की ते चौथ्या ओळीतल्या लोकांकडे जाऊन बसत, ते बोलतील ते ऐकत आणि दिला तर चहा घेत. पक्षात याला ‘शिव्या खाण्याचा दौरा’ म्हणत.

आजचे विधेयक नद्यांचे होते. रंगाचे पाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडणारे कारखाने बंद करायचे. गावाच्या वरच्या अंगाला सूत रंगवणारे लहान कारखाने होते आणि खालच्या अंगाला राहणारी माणसे नदीच्या रंगावरून वार ओळखत. निळे पाणी म्हणजे सोमवार. पोरांच्या अंगावरच्या चट्ट्यांना मात्र सगळे वार सारखेच. तिसरी ओळ बाईंनी झटक्यात लिहिली होती, कारण ती खरी होती.

चौथीही खरीच होती, आणि ती रोज संध्याकाळी कोपरापर्यंत निळे हात घेऊन त्यांच्याच घरी जेवायला येत होती. बाईंचे यजमान त्या कारखान्यांपैकी एकात रंगारी होते.

तेवढ्यात पक्षाचे संघटक आले. हा माणूस कधीच दार वाजवून येत नसे. दार आपलेच आहे, असा त्याचा सगळ्या दारांबद्दल समज होता.

“ताई, निवडणूक तोंडावर आली,” खुर्चीवरच्या चादरीवर हात टेकत ते म्हणाले. “या वेळी तीन ओळींवर भागवा.”

“डॉक्टर चार सांगतात.”

“डॉक्टर काय, देवमाणूस. पण देवमाणसाला डिपॉझिटही परत मिळायला हवं ना? आणि तुमच्या घरचंच आहे म्हणे. नवऱ्याच्या पोटावरचा पाय तुम्हीच टाइप करणार? बरं, फारच वाटलं तर लिहा, ‘काही व्यवसायांना किरकोळ अडचण संभवते’. कोणी वाचत नाही असली वाक्यं. मी आयुष्यभर तीच लिहितोय.”

ते गेले. बाईंनी लिहिले: ‘काही व्यवसायांना किरकोळ अडचण संभवते.’ वाक्य छान गुळगुळीत होते. कुठेच लागत नव्हते.

फोन वाजला. बाईंनी ते वाचून दाखवले.

“काही म्हणजे कोण?” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पडद्यावरच्या ‘काही’वर बोट ठेवले.

“किरकोळ म्हणजे किती?”

“डॉक्टर, आमच्या घरचे आहेत त्यात.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, “माहीत आहे. बटण दाबताना तेच डोळ्यांसमोर होते. भरपाईची सूचना मांडली होती मी. पडली. तुम्ही नका लिहू, बाई. मी सांगतो, संघटकाच्या पोराला लिहून घ्यायला सांगा.”

खरे तर सुटका होती. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांना एकदम त्या पैलवानांची आठवण झाली. दाढ उपटत असताना हात दुसऱ्या कोणाकडे सोपवून त्या कधी बाहेर गेल्या नव्हत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “मीच लिहिते. फक्त उद्या सकाळी पाठवते. आधी घरी सांगू दे.”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “भूल न देता काढायची, तर निदान आधी सांगायला हवं.”

रात्री जेवताना बाईंनी सांगितले. यजमानांनी घास खाली ठेवला नाही, ताट ढकलले नाही. सावकाश जेवून हात धुतले. पाणी नेहमीप्रमाणे निळसर गेले.

“तू लिहिलंस?”

“लिहितेय. काय लिहू सांगा.”

“मी सांगू? वा. फाशी जाणाऱ्यालाच दोरी वळायला बसवा.” मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, “दुसरं काम मिळेल, असं लिहू नकोस तेवढं. ते सगळे लिहितात.”

सकाळी फळ्यावर चौथी ओळ आली: ‘यामुळे दुखेल ते नदीकाठच्या रंगाऱ्यांना. त्यांचे काम जाईल, आणि दुसरे मिळेलच असे मी सांगू शकत नाही.’ संघटक ती वाचून फळा पुसायचे फडके शोधू लागले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर शिव्या खायला आले. रंगाऱ्यांच्या गल्लीत घरोघर बसले आणि पोटभर खाल्ल्या. शेवटचे घर बाईंचे. यजमान उंबऱ्यातच उभे होते.

“या डॉक्टर. पक्कड नाही आणली?”

“नाही. या वेळी लांबूनच काढली.”

“बसा. चहा मिळणार नाही.”

“चालेल.”

“एक सांगा. कायदा तर भरघोस मतांनी झाला. तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी झालाच असता. मग आमच्या बाजूनं दाबलं असतं बटण, तर काय बिघडलं असतं? कायदाही झाला असता आणि तुम्हीही आमचे राहिला असता.”

“हो, दोन्ही झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. “पण खालच्या अंगाच्या पोरांचे चट्टे मी बघितलेत. मग मी तुमच्याशी खोटं वागलो असतो, आणि तुम्ही मला चहा दिला असता.”

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आधण ठेवावे की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

“बटण दाबताना हात थरथरला का?” यजमानांनी शेवटी विचारले.

“दाढ काढताना थरथरला तर चालत नाही,” डॉक्टर म्हणाले. “नंतर थरथरतो.”

चहा मिळाला नाही. जाताना पायऱ्यांशी अंधार होता, म्हणून यजमानांनी दिवा मात्र लावला.

निवडणुकीत डॉक्टर पडले. फार मतांनी नाही. पण पडायला फार मते लागतात असेही नाही. रंगाऱ्यांची गल्ली पुरली. ‘कोणालाही त्रास नाही’ अशी घोषणा असलेले एक हसरे गृहस्थ निवडून आले आणि त्यांचा पहिला संदेश छत्तीस ओळींचा आला. खालच्या अंगाच्या लोकांना आता वार ओळखायला भिंतीवरचे कॅलेंडर बघावे लागे. पोरे नदीत डुंबू लागली होती. रंगाऱ्यांपैकी कोणी गाव सोडले, कोणी नाही. यजमान एका कापडाच्या दुकानात मोजायची मीटरपट्टी घेऊन उभे राहू लागले आणि गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सांगू लागले, “हा रंग जाईल.” मालकाने दोनदा समज दिली.

दवाखान्यातल्या खुर्चीवरची चादर निघाली. संगणक कोपऱ्यात गेला. बाई पुन्हा डाव्या बाजूला उभ्या राहू लागल्या.

एका दुपारी यजमान गालाला रुमाल बांधून दारात आले. डॉक्टरांकडे त्यांनी पाहिले नाही, खुर्चीकडे पाहिले.

“समोरच्याकडे गेलो होतो,” ते रुमालातून म्हणाले. “तो म्हणाला, काही कळणारसुद्धा नाही. मला भीती वाटली. उठून आलो.”

“बसा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवा वळवला, आत पाहिले. “मागचीच आहे. दुखेल.”

“माहीत आहे.”

बाईंनी हात पुढे केला आणि यजमानांनी आपला त्यात दिला. लग्न झाल्यापासून हा हात त्यांनी निळाच पाहिला होता. सणासुदीला, आजारपणात, झोपेतसुद्धा. आता तो कोपरापर्यंत साधा, गव्हाळ, कोणाच्याही हातासारखा झाला होता. आपण भलत्याच कोणाचा धरला की काय, म्हणून त्यांनी तो जरा उलटून पाहिला.

“आता मुंगी,” डॉक्टर म्हणाले.

अंगठ्याच्या नखाच्या कडेला, कातडीत खोल, निळ्याची एक बारीक रेघ तेवढी उरली होती. बाईंनी तिच्यावर आपला अंगठा ठेवला आणि घट्ट धरले.