शेपटाची शिट्टी

खोटं बोलत असेन तर माझ्या तोंडातले उरलेसुरले दात आत्ता, या खुर्चीत बसल्या बसल्या गळून पडोत. आधीच फार नाहीत, म्हणजे मी किती जपून बोलतेय ते समजा. यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल उठून जावं. फक्त जाताना दार लावून जावं. ही गोष्ट उघड्या दाराशी बसून ऐकायची नाही.

तर एक होत्या चष्मेवाल्या काकू. शहरात कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं दिसतं, की ते?" असं विचारायच्या, आणि घरी आल्यावर नवऱ्याला काहीच न विचारता सगळं ठरवून टाकायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठल्या इमारतीत कुणी अडकलं, घंटा दाबली, की हा भरल्या ताटावरून उठून जाणार. रिटायर झाला, पण त्याचे कान काही रिटायर झाले नाहीत. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली तरी खुर्चीतून अर्धा उठायचा.

उन्हाळ्यात त्याच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आत काहीतरी बसवलं. "जुन्या लिफ्टला नवीन स्प्रिंग," असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, चाला, पण एकटे चालू नका. म्हणून मग पानगळ सुरू झाली तसं दोघांनी रविवारच्या डोंगरवाल्यांत नाव घातलं. सकाळी बसने शहराबाहेर जायचं, एखादा डोंगर चढून उतरायचं, संध्याकाळी घरी. काकूंची धाकटी बहीणही बरोबर असायची. सगळे तिला धाकटीच म्हणायचे. वय झालं तरी धाकटीच, कारण तोंड मोठं.

या मंडळींची एक पद्धत होती. सगळ्यांच्या पुढे मास्तर. शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेला माणूस, त्याला पुढे चालल्याशिवाय चालताच यायचं नाही. आणि सगळ्यांच्या मागे एकजण, त्याला म्हणायचे शेपूट. वळण आलं की मास्तर एकदा शिट्टी वाजवायचे. म्हणजे, "आहेस ना?" शेपटाने दोनदा वाजवायची. म्हणजे, "आहे, आणि माझ्यामागे कुणी उरलेलं नाही." दोन शिट्ट्या ऐकू आल्या की मागे वळून न बघता पुढे चालायचं. झाडांनी भरलेल्या डोंगरात वळून वळून किती बघणार? शिट्ट्या फक्त दोन, एक मास्तरांच्या गळ्यात, दुसरी त्या दिवशीच्या शेपटाकडे.

त्या रविवारी बसमध्ये लिफ्टवाला म्हणाला, "आज शेपूट मी."

"काही गरज नाहीये," काकू म्हणाल्या.

"अगं, सगळ्यात हळू चालणाऱ्याने मागेच चालावं की. नियमच आहे."

"नियम लोकांसाठी असतात. तुमच्यासाठी मी आहे."

धाकटी मागच्या सीटवरून म्हणाली, "राहू दे ना ताई. भाऊजी एवीतेवी आयुष्यभर तुझ्या मागेच चाललेत. आज निदान पदवी तरी मिळेल."

सगळी बस हसली. मग काकूंना नाही कसं म्हणता येणार? मास्तरांनी शिट्टी दिली, आणि ती घेताना त्याचा चेहरा असा झाला की जणू पुन्हा नोकरीवर घेतलंय. काकूंना मात्र ते पटलं नव्हतं. दुखणं झाल्यापासून त्यांनी त्या माणसाला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी घालायचीसुद्धा बंदी होती.

डोंगराच्या पायथ्याशी ड्रायव्हरने गाडी पुढेमागे केली आणि तोंड शहराकडे करून लावली.

"आत्ताच कशाला फिरवता?" मास्तर म्हणाले. "संध्याकाळी फिरवा की निवांत."

"इथे मी फिरवूनच लावतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि काच वर करून घेतली. कुणी विचारलं नाही, की इथे म्हणजे काय.

चढायला लागले. पिवळी, तांबडी पानं, पायाखाली नुसता चुरा. पुढे मास्तर, मग मंडळी, मध्यावर काकू आणि धाकटी, मागे लिफ्टवाला. पहिल्या विसाव्याला उकडलेली अंडी निघाली, थर्मासातली कॉफी निघाली. लिफ्टवाल्याला घाम फुटला होता. काकूंनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली.

"चालू आहे का?" त्याने विचारलं.

"चालू आहे. जरा खडखडते."

"मग जॅकेट धर. उकडतंय."

काकूंनी जॅकेट आपल्या पाठपिशवीत कोंबलं. उठले, निघाले. आणि थोडं वर गेल्यावर धुकं आलं. आलं म्हणजे कसं, कुणीतरी ओली चादर झटकून अंगावर टाकावी तसं. पुढच्याची पाठ दिसेना, मागच्याचा तर प्रश्नच नाही.

पुढून मास्तरांची शिट्टी. एक.

खालून उत्तर. दोन.

काकूंच्या जिवात जीव आला. त्या चालत राहिल्या. दर वळणाला तेच, वरून एक, खालून दोन. काकूंना वाटलं, ही तर नाडीच आहे. बोटं न लावता कळतंय, चालू आहे म्हणून. उलट वाजवणं इतकं व्यवस्थित होतं, की त्यांना जरा कौतुकच वाटलं. दम लागलेला माणूस इतकी सरळ शिट्टी वाजवतो म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची!

मग त्यांना थंडी वाजायला लागली. पाठपिशवीतून नवऱ्याचं जॅकेट काढलं, अंगात घातलं, आणि गार झालेले हात खिशात घातले.

उजव्या खिशात शिट्टी होती.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. मागून येणारी धाकटी त्यांच्यावर आदळली. "काय गं? खांबासारखी उभी काय राहिलीस?"

काकूंनी नुसता तळहात उघडून दाखवला. धाकटीने शिट्टीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला काही सुचलं नाही.

तेवढ्यात वरून मास्तरांनी एकदा वाजवली.

खालून दोनदा वाजली.

"थांबा!" काकू ओरडल्या. "मास्तर, थांबा तिथेच!"

मास्तर खाली आले, मंडळी गोळा झाली. मास्तर म्हणाले, "अहो, शेपूट उत्तर देतंय ना? मग?"

"शेपटाची शिट्टी ही," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "कुणाकडे तिसरी असेल." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाकडे नव्हती. मग मास्तरांचा हात, सवयीने म्हणा किंवा भीतीने म्हणा, गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. काकूंनी तो धरला. "वाजवू नका."

कुणी वाजवली नाही. तरी खालून उत्तर आलं. दोन. आधीपेक्षा जवळून.

 एक-दोघं वरच्या अंगाला सरकले.

काकू म्हणाल्या, "मी खाली जाते."

"शेपटाच्या मागे जायचं नाही असा नियम..." मास्तर बोलायला लागले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की नियम तिथेच संपला.

"मी पण येते," धाकटी म्हणाली.

"तू इथेच थांब. आणि तोंड चालू ठेव. शिट्टी नाही, टाळी नाही, फक्त तोंड. मला परत यायला आवाज हवा. बाकी काही नाही तरी तेवढं तुला येतं."

"काय बोलू पण?"

"भाऊजींबद्दल मनात आहे ते सगळं."

आणि धाकटीने तोंडाचा पट्टा सोडला. भाऊजींनी लग्नात तिची चेष्टा केली तिथपासून सुरुवात. काकू त्या धुक्यात उतरल्या, तेव्हा वरून धाकटीचा आवाज येत होता, "...आणि माझ्या वाढदिवसाला काय दिलं, तर बॅटरी! बॅटरी देतं का कुणी!" दुसऱ्या कुठल्या वेळी काकू हसल्या असत्या.

खाली पानांचे थर गुडघ्याएवढे. पाय टाकला की आवाज यायचा, आणि पाय थांबला की आवाज एक क्षण उशिरा थांबायचा. काकूंनी दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा करायची छाती झाली नाही. उजवीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, हळूच दोनदा शिट्टी वाजली. कुणी कानाशी खेळावं तशी. काकूंनी तिकडे मान वळवली नाही. हाक मारावी तर कशी? नावाने हाक मारली तर "ओ" कोण देईल, काय भरवसा?

मग त्यांना एक सुचलं. त्या मोठ्याने ओरडल्या, "अहो! निघताना गॅस बंद केलात का?"

 मग डावीकडून, खालून, वैतागलेला आवाज आला, "केला! केला! बसमध्ये तीनदा विचारलंस, आता डोंगरावर पण विचार!"

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असा आवाज दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही, त्यासाठी संसार करावा लागतो.

"आणि गिझर?"

"तो तू बंद केलास! प्रत्येक गोष्ट माझ्यावर ढकलू नकोस!"

भांडणाचा धागा धरून त्या वाट सोडून उतरल्या. तर हा माणूस दरीच्या काठावर उभा. एक पाय खडकावर, दुसरा पुढे पसरलेल्या पानांवर. पानं दिसत होती छान सपाट, पण त्यांच्याखाली जमीन नव्हती. त्याच्या बुटाच्या टोकापासून पानं एकेक करून खाली घरंगळत होती आणि पडल्याचा आवाज येत नव्हता.

"हलू नका," काकू हळू म्हणाल्या.

"अगं, खाली कुणीतरी अडकलंय," तो काकूंकडे न बघता म्हणाला. "शिट्टी वाजवतंय. एकदा वाजवतं, थांबतं, परत एकदा वाजवतं. उत्तर द्यावं म्हटलं तर शिट्टी जॅकेटात राहिली."

आणि खरंच, दरीतून शिट्टी आली. एकच. हळू, गोड. त्याचा पानांवरचा पाय बोटभर पुढे सरकला. त्याने सरकवला असं नाही. सरकला.

काकूंनी मागून त्याचा कमरेचा पट्टा पकडला. पण ओढायची सोय नव्हती. भारी माणूस, निसरडी जागा, आणि आत नवीन स्प्रिंग. तो स्वतःहून मागे यायला हवा होता. आणि कुणी अडकलंय म्हटल्यावर हा माणूस स्वतःहून कधी मागे आला होता? "चला" म्हटलं असतं तर म्हणाला असता, तू हो पुढे. काकूंच्याही मनात आलंच, खरंच कुणी असलं तर? कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी बहीण?

म्हणून त्यांनी दुकानात विचारतात तसं, अगदी शांतपणे विचारलं, "मला एक सांगा. लिफ्टमध्ये माणूस अडकला की घंटा कशी वाजवतो?"

"कशी म्हणजे? वेड्यासारखी. बटण मोडेपर्यंत."

"मग?"

"मग दार बडवतो. मग शिव्या देतो. आधी लिफ्टला, मग मला, मग बिल्डरला. मग आईला हाका मारतो. भलेभले आईला हाका मारतात."

"मग हा शिव्या का देत नाहीये?"

दरीतून शिट्टी आली. एक. तेवढीच हळू. मधलं अंतरही तेवढंच.

लिफ्टवाला ऐकत राहिला. आणि काकूंना त्या पट्ट्यातून कळलं, की त्याचं अंग ताठ झालं.

"अडकलेला माणूस इतका सावकाश नाही वाजवत," तो म्हणाला.  "हा अडकलेला नाही. हा वाट बघतोय."

त्याने पाय उचलला. ज्या जागी पाय होता तिथली पानं आत बसली, गिळल्यासारखी.

दोघं परत चढले. एकमेकांचा हात धरून, मोठमोठ्याने भांडत. गिझरवरून, नळाच्या वायसरवरून, काकूंच्या मावशीच्या सोफ्यावरून. भांडण संपायला आलं की काकू नवीन काढायच्या. वरून धाकटीचा घसा बसलेला आवाज येत होता, त्या दिशेने. आणि मागून, शेपटाने जेवढ्या अंतरावर चालायचं असतं अगदी तेवढ्याच अंतरावर, मधूनमधून दोन शिट्ट्या. आहे. आणि माझ्यामागे कुणी नाही.

पुढे कुणी शिखरबिखर बघितलं नाही. सगळे दुसऱ्या वाटेने खाली. मास्तर, ज्यांना पुढे चालल्याशिवाय चालता येत नव्हतं, ते मध्ये घुसून चालत होते. बसशी आले तर इंजिन सुरूच होतं. ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, "शेपूट चढलं का?"

 काकूंनी नवऱ्याला खिडकीशी बसवलं, त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आमचं चढलं. दुसऱ्या कुणाचं असेल त्याची वाट बघू नका. दार लावा."

दार लागलं. बाहेरून त्या दारावर कुणी थाप मारली नाही, काही नाही. फक्त शिट्टी, दोनदा, अगदी जवळ. मग गाडी हलली.

मंडळी अजूनही रविवारी जातात, पण त्या डोंगरावर नाही. शिट्ट्या बंद केल्या. आता मागे दोघं चालतात, आणि त्यांनी बोलत राहायचं असतं. नवरा-बायको असतील तर उत्तम, विषय कमी पडत नाहीत.

आता दातांची शपथ घेतलीय, तर एक सांगून टाकायला हवं. भांडण खरं, शिट्टी खरी, दरीतली पानं खरी. धुकं तेवढं मी घातलं. लोक मला विचारतात ना, मंडळींनी वळून बघितलं कसं नाही, म्हणून घालावं लागतं. त्या दिवशी धुकं नव्हतं. पानं झडून झाडं उघडी पडली होती आणि लख्ख ऊन होतं. शिट्टी जवळून वाजली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं होतं. वाट पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.