सगळ्यात जड तारा

सासऱ्यांनी तो तारा साऱ्या गल्लीला सांगून ठेवला होता. दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. "आमच्या सुनेनं शोधलाय. त्या अख्ख्या दीर्घिकेत एवढा जड तारा दुसरा नाही!" जन्मभर शिवणयंत्रावर बसलेल्या माणसाला 'दीर्घिका' म्हणताना फार बरं वाटायचं.

सून वेधशाळेत संशोधक होती. आपल्या आकाशगंगेपुढे अगदीच चिमुकल्या अशा बटू दीर्घिका आणि त्यांतले निळे, धगधगते तारे हा तिचा विषय. ताऱ्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा पसरायचा, त्यातल्या काळ्या रेघा वाचायच्या आणि तारा किती तापलेला, किती जड ते ठरवायचं. या एका ताऱ्याने तिचं नाव झालं होतं.

त्या सकाळी त्याचा नवा वर्णपट आला आणि तिने तो जुन्याशेजारी लावून बघितला. गेल्या खेपेला एकच दिसलेली हेलियमची रेघ आता दुभंगली होती. अर्धी लाल टोकाकडे सरकलेली, अर्धी निळ्या. म्हणजे एक दूर जाणारा, एक जवळ येणारा, असे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे होते ते. मागच्या वेळी नेमक्या त्यांच्या रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. उजेड दोघांत वाटला गेला, की वजनही वाटलं जाणार.

यंत्राचा दोष निघावा म्हणून तिने जंग जंग पछाडलं. निघाला नाही. मग ती मार्गदर्शक मॅडमकडे गेली.

मॅडमनी पडद्यावरची दुभंगलेली रेघ मोठी करून बघितली. "माझ्याही नजरेतून सुटलंच की. छापलेल्या लेखाची दुरुस्ती दोघींच्या नावानं पाठवू."

"रागावला नाहीत?"

"रागावलेय ना! पण ताऱ्यांवर रागावून करू काय?"

घरी सांगणं जास्त जड गेलं. जेवणं झाल्यावर तिने एका दमात सांगून टाकलं. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पण मी सगळ्यांना सांगून बसलोय गं."

"हसतील ते मला हसतील, बाबा. तुम्हाला नाही."

"तुला कोण हसतंय ते बघतोच मी!" म्हातारा ताडकन म्हणाला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून परतली, तर सासरे फाटकाशी शेजारणीला सांगत होते, "एक समजून बघायला गेली, तर दोन निघाले! आणि चूक पकडली कुणी? हिनंच. गुपचूप दाबून नाही टाकली."

शेजारीण कौतुकाने मान डोलवत गेली. सुनेला हसू आवरेना, डोळेही भरून आले.

"बाबा, एक बरं झालं. एकट्या ताऱ्याचं वजन आम्ही अंदाजानंच सांगतो. दोघं असले, की एकमेकांना कसे ओढतात त्यावरून पुष्कळ नेमकं काढता येतं."

"मग काढ की!"

"पुन्हा पुन्हा वेध घ्यावे लागतील. वर्ष तरी जाईल."

"जाऊ दे," सासरे तिच्या हातातली पिशवी घेत म्हणाले. "यावेळी तू सांगितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

त्यावर मात्र तिचा काडीचा विश्वास बसला नाही.